दीड इंचाचा खुलासा

विमा कंपनीला माझ्या अपयशाचा लेखी पुरावा हवा होता.

तोंडी पुरावा म्हणाल तर पोतंभर आहे. गेल्या वीसेक वर्षांत असं एक लग्न नाही, मुंज नाही, बारसं नाही, जिथे कुणीतरी माझा दंड चाचपून ‘परत भरलीस गं’ म्हटलं नाही. पण त्यातलं कुणीच लेटरहेडवर बोललं नव्हतं. जिमच्या पावत्या निघाल्या, त्याही वर्षभराच्या. मात्र पावतीवरून पैसे भरल्याचं सिद्ध होतं, वजन न घटल्याचं नाही. एका आहारतज्ज्ञ बाईंची फाइल सापडली, तर तिच्यातला शेवटचा शेरा ‘छान प्रगती’. तो पुढे माझ्यावरच उलटणार हे बाईंना तरी तेव्हा काय माहीत! डाएटगुरू दीक्षितांचं दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांतलं जेवण मी केलं होतं आणि दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडंही. 2018च्या सुमाराला महाराष्ट्रातली घरं या दोन पक्षांत विभागली गेली होती. आमच्या नाशिकच्या घरात तर आघाडीचंच सरकार होतं: सासूबाई दीक्षितांच्या, नवरा दिवेकरांचा, आणि मी दोघांनाही बाहेरून पाठिंबा दिलेला. अशा आघाडीची कागदपत्रं कोण सांभाळून ठेवतं?

शस्त्रक्रियेचा निर्णय त्या मानाने लवकर झाला. सर्जननी कागदावर जठराचं चित्र काढलं आणि त्याचा मोठा भाग पेनाने खोडून टाकला. याला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. पोटावर चार-पाच भोकं पाडायची, दुर्बिणीतून बघत जठराचा तीन चतुर्थांश किंवा जरा जास्तच भाग स्टेपलरने कापून बाहेर काढायचा, आणि आत केळ्याएवढी नळी ठेवायची. भुकेचं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे नुसती जागाच नाही, तर भूकही कमी होते. मी घरी येऊन हे सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काढलेलं कुठे टाकतात?”

“तपासायला पाठवतात.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. वाया जाणार नाही एवढं कळल्यावर त्यांचा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा मावळवायला गडकरी लागले. सासूबाईंचं माहेर नागपूरचं. नागपूरचेच नेते नितीन गडकरी यांनी 2011 साली मुंबईत वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली होती, हे माझ्या नवऱ्याने त्यांना बातमी दाखवून पटवलं. त्यानंतर ती शस्त्रक्रिया आमच्या घरात नागपूरची झाली आणि तिच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला जाईना.

आता राहिले पैसे. लाखांत खर्च. विम्याची पॉलिसी होती, नवऱ्याने बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली. ती मी पहिल्यांदाच उघडून वाचली. पॉलिसी असं वाङ्मय आहे की ते शेवटाकडून वाचावं लागतं. काय मिळेल ते पुढे ठळक, काय मिळणार नाही ते मागे बारीक. आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या नियामकाने, वगळण्याच्या काही कलमांची भाषा सगळ्या कंपन्यांना एकच ठरवून दिली आहे, आणि त्यात लठ्ठपणाचा कोड सहावा. पहिल्या वाचनात वाटतं की पैसे मिळत नाहीत. दुसऱ्या वाचनात कळतं की मिळतात, पण सगळ्या अटी पुऱ्या केल्या तर. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय अठरा किंवा त्याहून जास्त हवं. बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त हवा. 35 किंवा त्याहून जास्त असेल तर जोडीला चारांपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया, किंवा आटोक्यात नसलेला टाइप-2 मधुमेह. आणि हे सगळं, साधे उपाय फसल्यानंतर.

मला मधुमेह आहे, पण तो आटोक्यात. इतकी वर्षं गोळ्या वेळेवर घेतल्याची ही शिक्षा! हृदय उत्तम निघालं. टूडी इको करणारा मुलगा ‘एकदम नॉर्मल’ म्हणाला तेव्हा आम्ही दोघंही एवढी हिरमुसलो की त्याने घाबरून मशीन परत तपासलं. उरला स्लीप ॲप्निया. म्हणजे मी घोरते का, हा प्रश्न.

बायका घोरत नाहीत, असा आमच्या घरातला समज. लग्नानंतर नवऱ्याने कधीही तक्रार केली नव्हती. ‘काल पंख्याचा आवाज येत होता’ एवढंच अधूनमधून म्हणायचा. आम्ही तो पंखा बदललाही होता. डॉक्टरांनी “घोरतात का?” विचारलं तेव्हा त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, आणि म्हणाला, “थोडंसं.” कॉलेजात जाणाऱ्या लेकीने मात्र फोन काढून रेकॉर्डिंगच लावलं. ते तिने मैत्रिणींनाही पाठवलं होतं, हे तेव्हा कळलं. मग एक रात्र डोक्याला वायरी, छातीला पट्टे, नाकात नळी आणि बोटाला चिमटा लावून झोपले. तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो, ते मोजतात. तीस आणि त्यापुढे तीव्र. माझा आकडा 38 आला. छातीचे डॉक्टर गंभीर झाले. रोज मास्क लावून झोपा म्हणाले, हे हसण्यावारी नेऊ नका म्हणाले. तोच रिपोर्ट घेऊन आम्ही खाली इन्शुरन्सच्या काउंटरवर गेलो, तर तिथल्या मॅडमचा चेहरा उजळला. “अरे वा, सिव्हिअर आहे! झालं मग काम.”

काम झालं नव्हतं. टीपीएकडून क्वेरी आली. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि इस्पितळ यांच्या मधला माणूस, जो कधीच माणूस म्हणून भेटत नाही, फक्त क्वेरी म्हणून येतो. त्याने लिहिलं होतं: प्रपोजल फॉर्मवर उंची 5 फूट 3 इंच, डॉक्टरांच्या पत्रात 156 सेंटीमीटर. खुलासा करावा.

इथे केटले नावाच्या बेल्जियन गृहस्थाला मध्ये आणावं लागेल. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची युक्ती याची, 1830च्या दशकातली. हा डॉक्टर नव्हे, खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्याला सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचं होतं, कुणाला लठ्ठ ठरवायचं नव्हतं. बीएमआय हे नाव तर 1972 साली अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलं. आकाशातले गोल मोजणाऱ्या माणसाचं सूत्र शेवटी आमच्यावर येऊन स्थिरावलं, हे मला अगदी योग्य वाटतं. पण त्याने उंचीचा वर्ग केला, आणि तिथेच माझा घात झाला. माझं वजन 87 किलो. उंची 156 सेंटीमीटर धरली तर बीएमआय 35.7, म्हणजे मी पात्र. 5 फूट 3 इंच, म्हणजे 160 धरली तर 34, म्हणजे मी सुदृढ बालिका. सर्जनच्या मते दोन्ही आकडे पुरेसे होते. आपल्या लोकांची चरबी पोटावर लवकर साठते, म्हणून आशियाई माणसासाठी, जोडीला आजार असेल तर, वैद्यकाची रेघ 32.5वर येते. पॉलिसीची रेघ मात्र 35वरच.

फॉर्म नवऱ्याने भरला होता. वजनाच्या रकान्यासाठी त्याने मला ऑफिसातून फोन केल्याचं मला आठवत होतं. “मग उंची का नाही विचारलीस?”

“ती माहीतच होती की. तुझ्या बायोडेटात होती.”

माझा बायोडेटा माझ्या वडिलांनी तयार केला होता. त्यात ‘5 फूट 3 इंच, सडपातळ, गव्हाळ, गृहकृत्यदक्ष’ असं लिहिलेलं होतं. मी चाळीसगावला माहेरी फोन लावला.

“अण्णा, माझी उंची तुम्ही कुठून आणलीत?”

“मोजली होती.”

“कशी?”

“तू उभी होतीस. दाराला खूण केली होती.”

“चपला होत्या पायात?”

थोडा वेळ शांतता. “तेव्हा सगळेच दोन इंच लावायचे. मी दीडच लावले. आणि तुझ्या नवऱ्याच्या पत्रिकेत पगार काय लिहिला होता, ते विचार त्याला.”

नवरा शेजारीच बसला होता. त्याने लगेच टीव्ही लावला.

सासूबाई मात्र हे सोडून द्यायला तयार नव्हत्या. इतक्या वर्षांनी त्यांना कळत होतं की पदरात पडलेली सून दीड इंच कमी आहे. “मला तेव्हाच शंका आली होती,” त्या म्हणाल्या, “पडद्यांना तुझा हात कधी पुरलाच नाही.” इस्पितळात मला अनवाणी भिंतीला टेकवून, डोक्यावर पट्टी टेकवून पुन्हा मोजलं, सही-शिक्क्याचा दाखला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी बुटकी असल्याचा कागद कुणीतरी प्रेमाने दिला.

तो पाठवला, तर पुढची क्वेरी: ताजं वजन कळवावं.

या ‘ताजं’ने घरात हाहाकार उडाला. लेकीने कॅलक्युलेटर काढून जाहीर केलं की 156 सेंटीमीटरच्या बाईचा बीएमआय 85.2 किलोच्या खाली 35 उरत नाही. म्हणजे माझ्या हातात जेमतेम पावणेदोन किलो होते. दोन दिवस धसक्याने जेवण गेलं नव्हतं, त्यात किती गेलं असेल कोण जाणे. काउंटरवरच्या मॅडम अनुभवी. स्पष्ट काही बोलल्या नाहीत. “आत्ता खाण्यापिण्यात काहीच बदल करू नका” एवढंच म्हणाल्या. हे वाक्य सासूबाईंनी प्रिस्क्रिप्शन म्हणून घेतलं. बाहेर पाऊस, घरात भजी. साबुदाण्याच्या खिचडीवर वरून तूप. मी नको म्हटलं की “क्लेम जाईल हं” अशी तंबी. ज्या घरात मी शिऱ्याचा दुसरा चमचा घेतला की चार डोळे माझ्या ताटाकडे वळायचे, त्याच घरात तिसरा चमचा मला सरकारी कामासाठी वाढला जात होता. आणि सांगते, त्या शिऱ्याला चव नव्हती. चोरून खाल्लेल्या शिऱ्याची गोष्टच वेगळी.

दरम्यान मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली. शस्त्रक्रियेआधी तीही लागते. पुढे आयुष्यभर वेगळं खायचं असतं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्यायच्या असतात, त्याची मनाची तयारी आहे का ते बघतात. बाई तरुण होत्या.

“तुम्ही दुःखात जास्त खाता का?”

“नाही.”

“ताण आला की? कंटाळा आला की?”

“नाही.”

“मग कधी खाता?”

“उरलं की.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी समजावून सांगितलं. आमच्याकडे माणसं चार आणि स्वयंपाक सहांचा. शेवटची पोळी, पातेल्याच्या तळाची वाटीभर आमटी, लेकीने अर्धवट टाकलेला भात, हे सगळं ‘संपवून टाक गं’ म्हणून माझ्याकडे येतं. फेकवत नाही, आणि फ्रिजमध्ये जागा नाही, कारण तिथे कालचं उरलेलं आहे. माझ्या अंगावर जे आहे त्यातलं कितीतरी मुळात माझ्या वाट्याचं नव्हतंच. बाई म्हणाल्या, ऑपरेशननंतर सुरुवातीला नुसतं पातळ, मग दाटसर, मग मऊ. एका वेळी चार-सहा घास, तेही चावून चावून, आणि जेवताना पाणी प्यायचं नाही. “तेव्हा उरलेलं कोण खाणार, ते घरात ठरवून टाका.”

त्या रात्री बैठक बसली. नवऱ्याने सुचवलं की स्वयंपाकच थोडा कमी करू या.

“मोजून स्वयंपाक?” सासूबाई म्हणाल्या. “आणि कुणी अचानक आलं तर?”

“अचानक कोण येतं हल्ली, आजी?” लेक.

“घरात मोजून स्वयंपाक होतो हे कळल्यावर कोण येईल?”

ठराव पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.

मंजुरी आली ती चाळीसगावात. 2023 साली अधिक श्रावण होता आणि खानदेशात अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. नवरा पाटावर बसलेला, आई ओवाळतेय, आणि लेक फोन नाचवत ओरडली, “मंजूर झालं!”

“काय मंजूर?” मावशीने विचारलं. नातेवाइकांना आम्ही खड्यांचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. कुठले खडे ते सांगितलं नव्हतं. मावशीने त्यावर पिशवीभर पानफुटीची पानं आणली होती; सकाळी अनशेपोटी दोन चावून खायची, खडा विरघळतो, ऑपरेशन लागतच नाही. तिची पिशवी मी दोन्ही हातांनी घेतली. मंजूर रक्कम मागितलेल्यापेक्षा कमी होती. हातमोजे, कॅप, असल्या बारीकसारीक गोष्टी त्यांनी कापल्या होत्या. डॉक्टरांनी उघड्या हातांनी यावं असं त्यांचं मत असावं.

लगोलग आहारतज्ज्ञांचा फोन. उद्यापासून दोन आठवडे प्रोटीनची पावडर, पातळ ताक, गाळलेलं सूप, काकडी. वजनासाठी नाही, यकृतासाठी. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, तो उचलून धरल्याशिवाय आत काम करता येत नाही. चरबीने फुगलेलं यकृत उचलायला जड जातं, आणि अशा आहाराने ते आकसतं.

“उद्यापासून ना?” आई म्हणाली आणि ताट माझ्या पुढ्यात सरकवलं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्हॅनिला नावाचा जो प्रकार त्या पावडरीत असतो, त्याचा व्हॅनिलाशी काही संबंध नाही. घरात माझ्यासमोर कुणी जेवायचं नाही असं ठरलं, त्यामुळे सगळे स्वयंपाकघराचं दार लोटून जेवायचे आणि मी बाहेर बसून फोडणीवरून भाजी ओळखायचे. पहिल्या आठवड्यात नवऱ्याचं वजन दोन किलोंनी वाढलं. उरलेलं त्याच्याकडे गेलं होतं, ठराव न होताच.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भरती झाले. हाताला पट्टा बांधला, रात्री बारानंतर पाणीही नाही म्हणून सांगितलं, श्वास आत ओढायचं तीन चेंडूंचं यंत्र दिलं. नवरा काउंटरवर सह्या करत होता तेवढ्यात आईचा फोन आला. डॉक्टर कसे आहेत, खोलीला खिडकी आहे का, एवढं विचारून झालं.

“आणि हे बघ,” ती म्हणाली, “जावईबापूंना वाणाचे अनारसे काही संपलेले नाहीत. अर्ध्याच्या वर डबा तसाच ठेवून गेले. मी नीट झाकून ठेवलाय. अनारसे टिकतात. तू घरी आलीस की पाठवते, संपवून टाक.”