सरांचा पोर्शन

लातुरात माणसांचे दोनच प्रकार: एक सर आणि दुसरे सरांचे विद्यार्थी. आमचे सर पहिल्या प्रकारातले, भौतिकशास्त्राचे. लातूर पॅटर्न नावारूपाला येत होता तेव्हा शिकवायला लागले, आणि निवृत्त होऊन वर्षं झाली तरी त्यांचा तास काही सुटलेला नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक पोर्शन असतो आणि तो वेळेत संपवायचा असतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यातलं आयएमपी काय, ते आधीच हेरून ठेवायचं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते आधी जिलेबी संपवतात. अवघड भाग डोक्यावर ठेवून मसालेभात खाता येत नाही म्हणतात.

निवृत्तीनंतर सरांनी प्रवास हा विषय घेतला. त्यासाठी दोनशे पानी वही आहे. डावीकडे ठिकाण, मध्ये इसवी सन, उजवीकडे बरोबरची खूण. खूण झाली की तिथं थांबण्याचं कारण संपलं.

सरांच्या सौभाग्यवतींना सगळे बाई म्हणतात, कारण त्याही झेडपीच्या शाळेत होत्या. त्यांचं आयुष्य पहिली-दुसरीच्या वर्गावर गेलं. तिथं पोर्शनपेक्षा पोरगं कशात रमतंय ते बघावं लागतं. बाईंची नजर अजून तशीच आहे. शिवाय त्यांच्या पर्समध्ये शेंगाच्या चटणीची डबी असते. ती लातूरच्या बाजारात गेली तशीच इटलीलाही गेली.

इटलीला धाडलं ते पुण्याच्या मुलानं, टूर कंपनीच्या गटातून. पिसाला बस थांबली तेव्हा पाऊस धो धो लागलेला. गटातली मंडळी सीटवरून उठेनात. पैसे वाया गेले म्हणून पावसाला नावं ठेवणं सुरू झालं. उतरले ते सर आणि बाई. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्यांनी घागरीत भरून घेतलंय, ती माणसं पावसाला नावं ठेवत नाहीत.

पिसा हे गॅलिलिओचं जन्मगाव, त्यामुळे सरांसाठी ते पंढरपूरच. छत्रीखाली उभं राहून त्यांनी तास घेतला. मनोऱ्याची उंची ५६ मीटर, बांधकाम ११७३ साली सुरू, खालची माती मऊ, म्हणून काम चालू असतानाच तो कलायला लागला. "गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा पायाच्या आत आहे तोवर पडत नाही. आयएमपी आहे."

बाईंनी मनोरा खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "ते खरंय. पण गवंड्याचे पैसे समदे दिले होते का?"

वहीत याचं उत्तर नव्हतं.

परतताना एका बोळातून भाजल्याचा वास आला आणि बाई तिकडं वळल्या. भट्टीतून तांब्याची भलीमोठी उथळ परात बाहेर निघाली होती. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ, एवढंच कालवून भाजलेला पदार्थ. तिथं त्याला चेचीना म्हणतात. बाईंनी तुकडा मोडला, हुंगला आणि निकाल दिला, "आवं, हे तर आपलं बेसनाचं धिरडं! ओवा इसरलाय बिचारा." मग पर्समधली डबी निघाली. दुकानदारानं चटणी बोटाला लावून चाखली, डोळे पुसले आणि पुन्हा बोट पुढं केलं. सरांच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी: पिसा. मनोरा. बरोबर. अल्पोपाहार.

रोमलाही पावसानं पाठ सोडली नाही. तिथं रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे नळ उभे आहेत. पिण्याचं पाणी रात्रंदिवस वाहतं आणि चावी कशाला नाही. नळाला पाणी यायचा वार पाठ असलेल्या बाई त्या नळाभोवती चावी शोधत फिरत राहिल्या. वाहतं पाणी तसंच सोडून पुढं जाणं त्यांच्या जिवाला मानवेना. शेवटी गटातल्या सगळ्यांच्या बाटल्या भरून दिल्या, तेव्हा हलल्या.

पुढं पँथिऑन. हे मूळचं रोमन देऊळ, आता चर्च. घुमटाच्या मधोमध नऊ मीटरच्या आसपास उघडं भोक आहे, त्यातून पाऊस थेट आत येतो. सरांनी घुमटाचा व्यास टिपला: ४३ मीटर. बाई कळवळल्या, "देवळात पाऊस पडायलाय अन् कुणी एक बादली ठेवीना!" पण बोलून थांबल्या नाहीत. पाणी जातंय कुठं म्हणून वाकून बघितलं. फरशीला बेताचा उतार होता आणि मधे बारीक छिद्रं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला त्यांनी तिथल्या तिथं शाबासकी दिली. सरांच्या वहीत ती छिद्रं नव्हती.

इटली झाली आणि सरांना एकदम दचकायला झालं. पिसा झालं, पण कंधार राहिलंय! म्हणून श्रावणातल्या एका सकाळी आमची गाडी निघाली. सर पुढं, वही मांडीवर. बाई मागं, डबी पर्समध्ये. चालवायला मी, माजी विद्यार्थी. आष्टामोडला पाऊस सुरू झाला, चाकूरला वाढला. अहमदपूरच्या पुढं एका टपरीवर मिरची भजी तळली जात होती. "येताना खाऊ, आधी पोर्शन," असं सर म्हणेपर्यंत बाई कढईपाशी पोचल्या होत्या.

कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा, त्याला भोवती पाण्याचा खंदक. सरांनी तटावरून व्हेनिसशी तुलना केली आणि खंदकाला जास्त मार्क दिले. बाई पहारेकऱ्याजवळ जाऊन म्हणाल्या, "दादा, हे पाणी उन्हाळ्यात कुठवर राहातंय?" तो हसला. "बाई, समदे किती साली बांधला तेच विचारतेत. पाण्याचं तुमीच विचारलं." मग तो भर पावसात आमच्याबरोबर फिरला आणि आपण होऊन सगळा किल्ला दाखवला. सरांचं पान भरलं ते बाईंच्या प्रश्नामुळं, पण तशी नोंद काही झाली नाही.

नांदेडला पोचलो तो पाऊस तसाच. गोदावरी फुगली की इथली माणसं ख्यालीखुशालीच्या आधी विष्णुपुरीचे दरवाजे किती उघडले ते विचारतात. धरणाजवळ बघ्यांची गर्दी होती. सर छत्रीतून मान काढून दरवाजे मोजत होते. लिंबू-मीठ चोळलेलं भाजकं कणीस हातात घेऊन बाई नुसत्या पाण्याकडं बघत होत्या. सरांनी आकडा सांगितला. "असू द्या," बाई म्हणाल्या, "पाणी लई हाय, ते बगा."

संध्याकाळी सचखंड. सरांनी दारातच उजळणी केली: गुरू गोविंदसिंगांचं निर्वाण १७०८, महाराजा रणजितसिंहांच्या काळातलं बांधकाम १८३२ ते १८३७, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. पाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला, दर्शन घेतलं, बरोबरची खूण केली. मग लंगर. पंगतीत सरांनी पोळीसाठी एक हात पुढं केला. वाढणारा सेवादार थांबून राहिला. बाई कुजबुजल्या, "दोनी हात करा, प्रसाद हाय त्यो." सरांना तेवढ्यात फ्लॉरेन्स आठवलं. तिथल्या बिलात नुसतं टेबलाशी बसल्याचे पैसे लावलेले होते. इथं हाताला धरून बसवत होते आणि नको म्हटलं तरी डाळ वाढत होते.

जेवण झालं आणि बाई नाहीशा झाल्या. गोविंद बागेतल्या लेझर शोची वेळ होत आलेली. सर घड्याळ बघत येरझाऱ्या घालू लागले. बाई सापडल्या लंगरच्या स्वयंपाकघरात, पदर खोचून, पंजाबातून आलेल्या बायांच्या ओळीत पोळ्या लाटताना. एकीचं एक अक्षर दुसरीला कळत नव्हतं, तरी हसणं चाललं होतं. शो राहिला. सरांनी वहीत फुली मारली. मी पाहिलेली ती पहिली फुली.

आता सरांना हसणं सोपं आहे, पण त्यांच्यासारखं कुणी घरात नसेल तर आपण अहमदपूरच्या पुढंही जाणार नाही. वही सरांचीच लागते. म्हणून पावसात नांदेडला निघालात तर गाडीत सरांना पुढं बसवा आणि उतरल्यावर बाईंच्या मागं चाला. आणि लंगरात ताटात घेतलेलं टाकायचं नसतं. तेवढा पोर्शन मात्र प्रत्येकाला पूर्ण करावाच लागतो.