शिपवाल्याचा थर्टीफर्स्ट

वसईत 'होळी' नावाच्या बाजारात एखाद्या माऊलीला विचारावं, 'मुलगा काय करतो?' उत्तर 'शिपवर असतो' असं आलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. 'आता कुठे आहे?' आणि 'येणार कधी?' पहिल्याचं उत्तर आईला माहीत नसतं आणि दुसऱ्याचं कंपनीला. डिसेंबरात त्यात तिसऱ्याची भर पडते: 'म्हणजे यंदाही नाताळ-न्यू इयरला नाहीच?' यावर माऊली पिशवीतली कोथिंबीर विनाकारण नीट करते.

हा 'शिपवाला' पापडीत सापडतो, गिरीजला सापडतो, सांडोरलाही सापडतो. फक्त 31 डिसेंबरला सापडत नाही. कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं, ताणलं तर नवाचं. दर्यावर्दी कामगारांसाठीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे बारा महिने व्हायच्या आत त्याला घरी पाठवावंच लागतं. 2020 च्या अखेरीस मात्र करोनाने हा हिशेब पार उधळला. जगभरातले सुमारे चार लाख दर्यावर्दी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते. त्यात आपला शिपवालाही असेल, तर तुमची सुटका नाही. पुढे कुठल्याही लग्नात, बारशात किंवा मयतीत विषय करोनाकडे वळला की तो खुर्ची पुढे ओढून सुरू होतो.

घरच्यांना वाटतं, बिचारा एकटा असेल. शेजाऱ्यांना वाटतं, मजा आहे बुवा, शॅम्पेन उडत असेल. दोन्ही समज चुकीचे, पण तो खोडतो फक्त पहिला. बहुतेक कंपन्यांच्या जहाजांवर, विशेषतः टँकरवर, दारूचा थेंब चालत नाही. त्यामुळे फोटोत त्याच्या हातात जो काचेचा उंच प्याला दिसतो, त्यात सफरचंदाचा रस असतो. तेलाचं पिंप उभं कापून केलेल्या शेगडीवर कोंबडी भाजली जाते, फिलिपिनो खलाशी कॅराओकेचा माइक पहाटेपर्यंत सोडत नाहीत, आणि गोव्याचा कुक केकवर नव्या सालाचा शेवटचा आकडा जुनाच काढतो.

त्यातून आपला माणूस सेकंड ऑफिसर असेल तर केकही पुरता नशिबात नाही. बारा ते चारची वॉच (पहाऱ्याची पाळी) परंपरेने त्याची. म्हणजे थर्ड ऑफिसर जुनं वर्ष संपवून खाली पार्टीला जातो आणि हा नवं वर्ष सुरू करायला ब्रिजवर चढतो. जुनी रीत पाळणारं जहाज असेल तर मध्यरात्री घंटेचे सोळा टोल पडतात: आठ सरत्या वर्षाचे, आठ नव्याचे. पहिले आठ जहाजावरच्या सर्वांत वयस्काने द्यायचे, दुसरे आठ सर्वांत लहानाने. वसईच्या पोराला पहिल्या सफरीत दुसरा मान मिळतो. पंचवीस वर्षांनी पहिल्यासाठी बोलावणं आलं की तो म्हणतो, 'माझ्यापेक्षा चीफ इंजिनीअर मोठा आहे.'

पॅसिफिकमध्ये असला तर गोष्टच वेगळी. जपानहून अमेरिकेकडे जाताना वाररेषा ओलांडली की तीच तारीख पुन्हा येते, उलट येताना एक तारीख गडप होते. त्यामुळे एखाद्याला दोन थर्टीफर्स्ट मिळतात, एखाद्याला एकही नाही. हे ऐकून कोणी हसलं, तर तो लगेच सामोआचा दाखला देतो. या देशाने रेषेची बाजू बदलली तेव्हा 2011 सालचा 30 डिसेंबर त्यांच्या कॅलेंडरात उगवलाच नाही. 'एका अख्ख्या देशाचा शुक्रवार गेला, माझं एका रात्रीचं काय घेऊन बसलात!'

इकडे वसईत पोरं जुन्या कपड्यांत पेंढा कोंबून 'म्हातारा' करतात, त्याच्या नावाने वर्गणी काढतात आणि रात्री बाराला त्याला अग्नी देतात. तेव्हा व्हिडिओ कॉल लागतो. जहाज सिंगापूरला असेल तर त्याचे बारा अडीच तासांपूर्वीच वाजून गेलेले. रॉटरडॅमला असेल तर अजून संध्याकाळचे साडेसात. ब्राझीलमध्ये सांतोसला असेल तर दुपारचे साडेतीन, आणि मागे क्रेनचा खडखडाट. जळता म्हातारा त्याला दिसेपर्यंत नेटवर्क जातं आणि पडद्यावर गोल फिरत राहतं.

आई इंदेल हे मांसाचं कालवण आणि फुगे हे तळलेले गोळे त्याच्या वाट्याचे राखून ठेवते. तो येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहुधा राखेचा बुधवार उलटल्यावर. उपवासकाळ सुरू झालेला. मग फ्रीजरमधलं इंदेल ईस्टरपर्यंत थांबतं आणि तो सुकेळी चघळत बसतो. शेवटी त्याचं नववर्ष एप्रिलात उजाडतं. ते त्याला सोयीचंच, कारण त्याचं खरं वर्ष 1 एप्रिललाच सुरू होतं. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस भरले की तो करखात्याच्या लेखी 'रहिवासी' ठरतो. त्यामुळे सीडीसीवरचे, म्हणजे दर्यावर्दीच्या नोंदपुस्तकावरचे, शिक्के तो जपमाळेच्या निष्ठेने मोजतो.

घराबाहेरच्या थर्टीफर्स्टचं दुःख कोणी त्याला सांगू लागलं, तर तो किल्ल्याकडे बोट दाखवतो. दुसरा बाजीराव होळकरांकडून हडपसरला मार खाऊन पुण्याहून निघाला, कोकणच्या किनाऱ्याने समुद्रमार्गे वसईला पोचला, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी इथेच त्याने इंग्रजांशी तह केला. कबूल काय केलं? सहा हजारांची इंग्रजी फौज, आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाखांचा मुलूख. पुण्याला परतायला मे उजाडला. 'त्यापेक्षा आपला सफरचंदाचा रस बरा,' हा शिपवाल्याचा निकाल.

एखाद्या वर्षी मात्र योग जुळतो आणि तो 31 तारखेला चक्क घरी असतो. अंगणात चांदणी लुकलुकते, पोरांचा म्हातारा तयार असतो, इंदेल ताजं असतं. हा साडेनऊला जाहीर करतो, 'सिंगापूरला वाजले बारा.' दहाला जांभई देतो. साडेअकराला बायको शोधायला जाते तर हा गच्चीवर, फोनवर सेकंड ऑफिसरला विचारतोय, 'कुक कोण आहे यंदा?'

तेव्हा तुमच्या ओळखीचं कोणी शिपवर असेल, तर शुभेच्छांचा फोन आपल्या घड्याळाच्या बाराला लावू नका. आधी त्याच्या घरी विचारा, जहाज कुठे आहे आणि वॉच कोणती आहे. आणि तो घरी असेल, तर करोनाचा विषय काढू नका.