पोट असलेलं बरं

बँडसॉ रडायला लागला की पहिला आरोप पात्यावर होतो, दुसरा लाकडावर आणि तिसरा, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, वीज मंडळावर. चाकांवरच्या रबराचा संशय कुणालाच येत नाही, कारण तिथे रबर असतं हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

माझ्या वयाची माणसं हास्यक्लबात जातात, मी गॅरेजमध्ये जातो. तिथे जुना, 14 इंची बँडसॉ आहे. 14 इंच हा चाकाचा व्यास. एक चाक वर, एक खाली, आणि दोन्हींवरून फिरणारं पोलादी पातं. गेल्या पावसाळ्यानंतर हे पातं मधली जागा सोडून कडेला सरकायला लागलं, ठक ठक असा ठेकाही धरू लागलं. आमच्या सोसायटीतली सगळी कपाटं ज्यांनी केली ते मिस्त्री येऊन म्हणाले, "साहेब, पातं बदला." बदललं. नवं पातंही इमानेइतबारे कडेलाच गेलं.

मग झाकण उघडलं. रबराला भेगा पडलेल्या, भुशात त्याचा काळा चुरा. नख दाबून पाहिलं. चांगलं रबर नखाखाली दबतं आणि सोडलं की वर येतं. हे दबायलाच तयार नव्हतं. शिवाय त्याचं पोट गेलं होतं.

हे पोट महत्त्वाचं. रबर मधोमध किंचित फुगीर असतं. फिरता पट्टा उतारावरून घसरेल असं आपल्याला वाटतं, पण तो उलटा उंचवट्याकडे चढतो. पट्टा बाजूला सरकला की मधल्या बाजूला ताण जास्त बसतो, त्यामुळे पुढचा भाग चाकावर किंचित तिरका येतो आणि पुन्हा मध्याकडे वळतो. जुन्या पिठाच्या गिरणीतल्या पुलीलाही असाच फुगवटा असायचा. डॉक्टर वर्षानुवर्षं मला जे सांगत आले त्याच्या बरोबर उलटी गोष्ट एक यंत्र सांगत होतं: मध्ये पोट आहे म्हणूनच सगळं सरळ चाललंय. मी हे घरात मोठ्याने जाहीर केलं.

"अहो, पण त्याचं झिजतं," आतून आवाज आला.

नवं रबर शोधायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. तिथला एक पोरगा म्हणाला, "काका, आमच्या मशीनच्या चाकांना रबर नसतंच. तुमचं खेळण्यातलं आहे का?" त्याचंही खरंच होतं. लाकडाचे ओंडके चिरणाऱ्या मोठ्या बँडसॉचं पातं रुंद असतं, त्याचे दात चाकाच्या कडेबाहेर राहतात, म्हणून ते उघड्या चाकावर फिरतं. आमचं अरुंद पातं दातांसकट चाकावर बसतं. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले. उघड्या धातूवर ते दाबले गेले तर त्यांचं वाकणंच संपलं. खाली मऊ रबर लागतं ते त्यासाठी, आणि पात्याला पकड मिळावी म्हणूनही. एका सायकलवाल्याने जुनी ट्यूब कापून चढवायला सांगितलं. लोक तसं करतात. मी केवळ प्रतिष्ठेपोटी नकार दिला आणि पॉलियुरेथेनची कडी मागवली.

ही कडी चाकापेक्षा मुद्दाम लहान असते. चाकाचा घेर 44 इंच. कडी हातात घेतली की दुकानदाराने भलत्याच मापाची दिली याची खात्रीच पटते. जुनं रबर सोलून, डिंकाचे थर पटाशीने खरवडून आम्ही चाक स्वच्छ केलं. कडी मऊ व्हायला गरम पाण्यात टाकायची होती. स्वयंपाकघरातलं पातेलं मिळालं नाही, बादली मिळाली.

कडी भिजत होती तेवढ्यात मी इतिहास सांगून घेतला. बँडसॉचं पेटंट लंडनच्या विल्यम न्यूबेरीने 1809 च्या सुमारासच मिळवलं, पण पात्याचा जोड टिकेना, त्यामुळे कल्पना कागदावरच राहिली. शेवटी 1846 मध्ये क्रेपँ नावाच्या फ्रेंच बाईंनी जोडाच्या नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

"म्हणजे कल्पना पुरुषाची आणि काम बाईचं," सौ. म्हणाली. "पाणी गार होतंय."

पुढचं तिनेच केलं. कडी एका जागी शिकंज्याने पकडली, मिस्त्रींनी आणि मी दोन्ही बाजूंनी ताणली, आणि ती चाकावर चढली. मग कडी आणि चाक यांच्यामध्ये गुळगुळीत गोल सळई घालून ती घेरभर फिरवली. त्याने ताण सगळीकडे सारखा होतो. नाहीतर एकीकडे रबर जाड, दुसरीकडे पातळ, आणि ठक ठक पुन्हा सुरू. बटण दाबण्याआधी चाकं हाताने फिरवून पाहिली. पातं मधोमध.

"मी म्हटलंच होतं, पात्यात काही दोष नाही," मिस्त्री म्हणाले.

तुमच्याकडे असं यंत्र असेल तर आधी प्लग काढा, मग नख दाबून पाहा. बदलायचीच वेळ आली तर दोन्ही चाकांची रबरं एकदम बदला. आणि रोज काम संपलं की पात्याचा ताण सैल करून ठेवा; तसंच ताणून ठेवलं तर रबर एकाच जागी दबून खड्डा पडतो.