गॅस संपला हो!

मे महिना आला की गाडीचा एसी गरम हवा फेकतो आणि सोसायटीतले काका निदान करतात, ‘गॅस संपला असेल.’ गॅस काय पेट्रोल आहे संपायला? बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. पण गळती शोधणार कोण? त्यापेक्षा अमेरिकेतल्या हौशी मंडळींसारखा आर-१३४ए गॅसचा डबा आणायचा, गेजचा काटा हिरव्यात आला की छाती फुगवायची. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस ग्रॅममध्ये दिलेला असतो आणि काट्याला ग्रॅम कळत नाहीत, हा क्षुल्लक तपशील. जास्त झाला तर कॉम्प्रेसरचं बघता येईल. गळलेला जातो आभाळात, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त ऊब द्यायला. गॅरेजवाले तरी? काही जण व्हॅक्यूम करून नळ्यांतली हवा न काढताच गॅस भरून देतात. पावतीवर मात्र ‘संपूर्ण एसी सर्व्हिसिंग’.