झडीत चालणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना (भंडारा जिल्ह्यापुरत्या)

अरबी समुद्रात पाय बुडवून निघायचे आणि बंगालच्या उपसागरात धुवायचे, एवढीच महत्त्वाकांक्षा असलेल्या पदयात्रिकाला रस्ता शोधावा लागत नाही. हजिऱ्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ५३ थेट पारादीपला जातो. जुनी माणसे त्याला अजून 'सहा नंबर'च म्हणतात. नागपूर सोडल्यावर साधारण ६० किलोमीटरवर भंडारा, मग वैनगंगा, मग लाखनी, साकोली आणि पुढे जंगल. नकाशावर हा जिल्हा अंगठ्याखाली झाकला जातो. जुलैत मात्र तोच जिल्हा अंगठ्याच्या नखापासून शेंडीपर्यंत भिजवतो. प्रस्तुत सूचना अशा भिजणाऱ्यांच्या हितासाठी आहेत. हिवाळ्यात निघणाऱ्या शहाण्यांनी पान उलटावे.

आधी तज्ज्ञांचे मत. पावसाळ्यात लांब पल्ल्याचे कसे चालावे, या प्रश्नावर देशातले सर्वात जुने उत्तर 'चालू नये' असे आहे. भिक्खू पावसाळ्यात फिरतात आणि कोवळे गवत, पिके, किडामुंगी तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा बुद्धाने वर्षावासाचा नियम घातला. याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७०च्या उत्खननात मोठे स्तूप उघडे पडले. म्हणजे बसून राहण्याची सोय इथे दोन हजार वर्षांपूर्वीच झाली होती. जैन साधू चातुर्मासात विहार थांबवतात. नर्मदेची परिक्रमा करणारेही चार महिने एका जागी मुक्काम टाकतात. ज्यांचे आयुष्यच चालण्यात गेले, त्या तिघांचे या बाबतीत एकमत आहे. आपल्याकडे एवढे एकमत दुसऱ्या कोणत्या विषयावर झाल्याचे ऐकिवात नाही.

यावर वारीचा दाखला देण्याची पद्धत आहे. देऊ नये. वारकरी लाखोंच्या संगतीत भिजतो, तुम्ही एकटे भिजता. शिवाय ज्ञानोबांची पालखी जेजुरी, फलटण, माळशिरस अशा पर्जन्यछायेतून जाते. तिथे सर आली की लोक हात जोडतात. विनोबांचा दाखला चालेल. ते १९५१ पासून तेरा वर्षे देशभर पायी हिंडले. पण १९५९ साली पीर पंजालच्या पायथ्याशी पावसाने त्यांनाही अनेक दिवस अडवून धरले होते, आणि पाऊस हटला नाही तर काश्मीर खोऱ्यात जायचेच नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. तुम्ही विनोबा नाही, त्यामुळे तुम्हाला हा निर्णय पहिल्याच दिवशी घेता येतो.

तरीही निघायचेच असेल तर हवामान समजून घ्यावे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तो रोज थोडाथोडा पडला असता तर या सूचना लिहाव्या लागल्या नसत्या. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ओडिशा-छत्तीसगड ओलांडून पश्चिमेकडे सरकते आणि इथे झड लागते. तुम्ही पूर्वेला निघालेले, ते पश्चिमेला निघालेले, भेट ठरलेलीच. गंमत पुढे आहे. हे क्षेत्र बहुधा जिल्ह्याच्या उत्तरेकडून जाते आणि त्याच्या दक्षिणेला वारा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे पाऊस येतो समोरून आणि मारतो पाठीत. छत्री पुढे धरून चालणारे नवशिके इथेच ओळखू येतात.

हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे मोबाइलवर गुपचूप पाहावेत. गावात मात्र नक्षत्रावर बोलावे. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, एवढे पाठ असले तरी पुरते. "यंदा वाहन काय आहे जी?" असे विचारून पाहावे. बेडूक, म्हैस की हत्ती, यावर टपरीवरचे चारजण बोलू लागतात आणि तेवढ्यात चहा येतो.

आता मुख्य नियम. जुलै-ऑगस्टात भंडारा जिल्ह्यात "कधी थांबणार हा पाऊस?" असे मोठ्याने म्हणू नये. हा धानाचा मुलूख आहे. बांधीत पाणी साचल्याशिवाय चिखलणी नाही, चिखलणीशिवाय रोवणी नाही, आणि इकडे पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे होऊन उपवर झालेले. ज्याची बांधी कालव्यावर नाही, त्याचे सारे वर्ष या झडीवर टांगलेले असते. तलाव सांडव्यावरून वाहू लागला की गाव ते पाहायला जाते. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले, पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले हे तलाव अशाच झडीसाठी तर खोदले होते. अशा वेळी पाऊस थांबावा असे वाटणारा तालुक्यात एकच प्राणी असतो, आणि तो डांबरी सडकेच्या कडेने ओल्या मोज्यांत चाललेला असतो.

सबब, दुःख लपवण्याचा सराव घरूनच करून यावा. चेहरा कृतार्थ ठेवावा. कोणी "मस्त पानी येऊन रायला ना जी?" म्हटले तर "हो जी, पायजेच होता" हे उत्तर न अडखळता आले पाहिजे. उसासा टाकायचा असल्यास ट्रक शेजारून जाताना टाकावा.

रोवणीवर असलेल्या बायांसमोर तर स्वतःच्या चालण्याचा विषयच काढू नये. कमरेत वाकून, पोटरीभर चिखलात, पाठीवर पन्नी बांधून त्याही दिवसभर चालतच असतात. फक्त त्या मागे मागे चालतात आणि प्रत्येक पावलाला रोप लावत जातात. त्यांना या चालण्याची मजुरी मिळते, तुम्हाला तुमच्या चालण्यासाठी रजा काढावी लागते. आठवड्याअखेर दोघांचे अंतर मोजले तर कोणाचे जास्त भरेल, या वादात पदयात्रिकाने पडू नये. हरण्याची शक्यता आहे.

साहित्याबद्दल थोडक्यात. महागडा रेनकोट बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही आणि आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. तासाभरात दोन्हीकडून बरोबरी होते. छत्री गावात उत्तम, हायवेवर ती पहिल्याच कंटेनरच्या वाऱ्याने उलटी होते. हायवेवर पाऊस वरून कमी आणि चाकांखालून जास्त येतो, हे छत्रीच्या शोधकर्त्याला ठाऊक नव्हते. राहता राहिली पन्नी. बाजारातून मीटरवर घ्यावी, डोक्यावरून पाठीवर सोडावी आणि गळ्याशी सुतळीने बांधावी. याने रूप येत नाही. पण सामान कोरडे राहते आणि रात्री तीच खाली अंथरता येते.

पाय हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. दिवसभर ओल्या बुटात राहिलेली कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सकाळी निघताना बोटांमध्ये खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोपडावे. दुपारी अर्धा तास पाय उघडे ठेवून बसावे. कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालावा आणि कितीही मोह झाला तरी सकाळी तो काढून कालचाच ओला जोड चढवावा. मनोनिग्रहाची याहून कठीण परीक्षा कोणत्याही पंथाने सांगितलेली नाही. बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत. उसना तांदूळ काढणाऱ्या राइस मिलच्या बॉयलरपाशी ते ठेवू दिले तर भाग्य समजावे. वासाबद्दल मिलवाले काही बोलले तर ऐकून घ्यावे.

दोन गोष्टींत थट्टा नाही. वीज कडाडत असताना बांधीवरच्या एकट्या झाडाखाली उभे राहू नये. रोवणीच्या दिवसांत इथे वीज पडून माणसे जातात. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. ते गुडघाभर दिसते, पण त्याखालची सडक जागेवर आहे की नाही, हे दिसत नाही. भंडाऱ्याला लागून कारधा येथे वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे. ऑगस्ट २०२०च्या शेवटी भंडाऱ्यात जेमतेम पाऊस असताना नदी शहरात शिरली, कारण पाणी वर मध्य प्रदेशातल्या धरणांतून सुटले होते. खाली गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडे, तरी वरून पाणी येणे चालूच. म्हणून फक्त आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून पुलाबद्दल मत बनवू नये.

मुक्कामाला शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप किंवा समाजमंदिर मागावे. मिळते. त्यानंतर प्रश्न येतात.

"कोटी चाल्ले जी?"

"समुद्रापर्यंत."

"पायी? काहून? गाडी नाई भेटली का?"

इथे 'हौस म्हणून' हे उत्तर देऊ नये. ते ऐकून माणसे गप्प होतात आणि घरातल्या पोरांना लांब नेतात. 'नवस आहे' म्हणावे. नवसाला सगळे माफ असते, वर गरम भात आणि सात्यांची भाजी मिळते. वारुळाजवळ उगवणाऱ्या या अळंब्या झडीतच निघतात. त्या खाल्ल्यावर पावसाबद्दलचे मत थोडा वेळ बदलते. बदलू द्यावे.

शेवटची सूचना पाऊस खरोखर थांबला तर काय, याबद्दल. झड उघडते, ऊन पडते, मोजे वाळतात आणि पदयात्रिक शीळ घालू लागतो. घालू नये. उघडीप दहा-बारा दिवस लांबली की बांध्यांना भेगा पडतात आणि पोरे धोंडी काढतात. मुसळाला बेडूक बांधून, कडुनिंबाचे डहाळे अंगावर घेऊन ती दारोदार फिरतात आणि घरची बाई त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतते. वाटेत ही मंडळी भेटली आणि त्यांना तुम्ही पावसातून आलेले शुभ पाहुणे वाटलात, तर तुमच्याही डोक्यावर तांब्या येईल. तो ओतून होईपर्यंत पन्नी उलगडू नये.