दगडाला सूट नाही

समजा, अख्ख्या नागपुरात तर्रीपोह्याचा एकच ठेला आहे. मालक म्हणतो, "भाव मी सांगीन, प्लेट मी भरीन, चव माझाच पोऱ्या पाहील. खडा लागला तर भरपाईला मर्यादा आहे. करा सही!" आपण काय करणार? करतो सही. सकाळची भूक असते न भाऊ.

राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीनं, महानिर्मितीनंही केली. कोराडी-खापरखेड्याच्या भट्ट्या उपाशी राहत नाहीत आणि राष्ट्रीयीकरणानंतर कोळशाचा मोठा ठेला एकच, कोल इंडिया. तिची लेक वेस्टर्न कोलफिल्ड्स तर इथंच, सिव्हिल लाइन्सला. पोट भरेना तेव्हा राज्याची कंपनी केंद्राच्या कंपनीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे गेली. तक्रार अशी की करार एकतर्फी, कोळशाचा नमुना भरणाऱ्याच्याच टोकाला घ्यायचा, दगडांची भरपाई तुटपुंजी. आयोगानं २०१३ मध्ये १७७३.०५ कोटींचा दंड ठोठावला. अपील झालं, फेरसुनावणी झाली आणि २०१७ मध्ये तोच दंड ५९१.०१ कोटींवर आला. व्हेरायटी चौकातल्या सिग्नलवर ही घासाघीस कुणाला जमलेली ऐकिवात नाही.

कोल इंडियाचा बचाव मोठा सोज्वळ होता. आम्ही घटनेच्या कलम ३९(ब) नुसार जनहितासाठी कोळसा वाटतो, आम्हाला बाजाराचा कायदा कसला? १५ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कायदा लागू आहे. सूट सार्वभौम कामांना, म्हणजे अणुऊर्जा, चलन, संरक्षण, अंतराळ अशांना. कोळशातला दगड त्या यादीत बसत नाही. सरकार दुकानात बसलं की दुकानदारच.

पण कोळसा उगाळावा तितका काळाच. स्पर्धा कायद्याचा दंड जमा होतो भारताच्या संचित निधीत आणि कोल इंडियाची बहुतांश मालकी भारत सरकारची. म्हणजे पैसा एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात. पँट तेवढी आपली.

खात्री करायची तर वीजबिल उघडा. खाली 'इंधन समायोजन आकार' दिसेल. त्यात कोळसा किती न् दगड किती, विचारून पाहा. उत्तर नाही पटलं तर शेजारच्या ठेल्यावर जा.

सापडला तर मलाही पत्ता द्या.