सामाईक प्रिंटर

घरातला एकच प्रिंटर सगळ्यांना वापरता यावा, यासाठी दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रिंटर यूएसबीच्या वायरीने एका कॉम्प्युटरला जोडतात आणि विंडोजमध्ये तो 'शेअर' करतात. खर्च शून्य. पण तो कॉम्प्युटर बंद झाला की प्रिंटरही सर्वांना बंद. सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ. तिथे टॉवेलची बिले काढणारे काका रात्री कॉम्प्युटर बंद करून झोपतात आणि पुतणीला शाळेचा प्रोजेक्ट त्यानंतरच आठवतो. वाटणीत विहीर सामाईक ठेवावी आणि मोटारीचे बटण एकाच भावाच्या खोलीत असावे, तसा हा प्रकार.

दुसरा मार्ग वायफायचा. यात प्रिंटर थेट राउटरला जोडला जातो. स्वस्त प्रिंटर बहुधा 2.4 गिगाहर्ट्झचेच वायफाय पकडतात, म्हणून राउटरवर ते चालू असावे लागते. मग पासवर्ड. तो प्रिंटरच्या बोटभर पडद्यावर, बाणाचे बटण दाबत एकेक अक्षर शोधून भरायचा असतो. घराघरात तो ग्रामदैवतावरून ठेवलेला असतो आणि 'सिद्धेश्वर'मध्ये डी एक की दोन, व्ही की डब्ल्यू, यावर घरात एकमत नसते. ज्याने पासवर्ड ठेवला तो पुण्याला नोकरीला असतो.

त्यानंतर पत्ता. राउटर प्रत्येक उपकरणाला 192.168.1.5 यासारखा आकडा देतो, पण तो कायमचा नसतो. लाईट जाऊन आली की वाटप नव्याने होऊ शकते. प्रिंटर 8 वर जातो, 5 वर आजींचा मोबाईल येतो आणि कॉम्प्युटर बिले इमानाने आजींकडे पाठवत राहतो. पडद्यावर 'ऑफलाइन' दिसते. प्रिंटरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत असतो. उपाय सोपा आहे: राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा मॅक क्रमांक, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवून एक पत्ता त्याच्या नावे राखून ठेवावा.

ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम, हा पुढचा टप्पा. 2021 मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी सापडली. ती बुजवण्यासाठी आलेल्या अपडेटांपैकी सप्टेंबरच्या अपडेटनंतर अनेक ठिकाणचे शेअर केलेले प्रिंटर 0x0000011b हा आकडा दाखवून अडून बसले. हेतू सुरक्षिततेचा होता. आणि काहीच न छापणाऱ्या प्रिंटरइतके सुरक्षित दुसरे काय असणार? फोनवरून छापणे त्यामानाने सुलभ आहे. ॲपलने 2010 मध्ये एअरप्रिंट आणल्यापासून ड्रायव्हरवाचून छपाई रुळली. परिणामी आजींच्या मोबाईलवरून स्तोत्रांच्या छपाईत वाढ होते.

छापायची कामे 'स्पूलर'च्या रांगेत थांबतात. एक काम अडकले की मागची सगळी अडकतात. अशा वेळी माणूस पुन्हा 'प्रिंट' दाबतो. मग वरच्या मजल्यावरून दुसरा दाबतो. रांग मोकळी झाली की एकाच हॉल तिकिटाच्या इतक्या प्रती निघतात, की अख्खा वर्ग परीक्षेला बसावा. विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये प्रिंट स्पूलर थांबवून, त्याच्या फोल्डरमधली कामे पुसून तो पुन्हा सुरू करणे, हा खरा इलाज.

शेवटी शाई. इंकजेटची बारीक छिद्रे वापराविना सुकतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि शाळेला सुटी लागल्याने प्रोजेक्टही नसतात; म्हणजे छिद्रे सुकायला मुहूर्त उत्तम. 'हेड क्लीनिंग'ने ती मोकळी होतात, पण त्या धुण्यातही शाईच खर्च होते. त्यापेक्षा आठवड्याला एक रंगीत पान काढावे. नुसती बिलेच काढायची असतील तर लेसर प्रिंटर बरा. त्याचा टोनर ही पूडच असल्याने सुकायचा प्रश्न नाही.

कागद संपल्याची सूचना घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर उमटू शकते. कागद आणायला कोण जाणार, याची सोय मात्र कुठल्याच सेटिंगमध्ये नाही.